कागदावरील तळे आणि शेतातील तळे
आराखडा वाचण्याची प्राथमिक माहिती

२०१८ च्या मे महिन्यातील गोष्ट आहे. एका गावी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे शेततळे खोदून तयार झाले होते. तळ्यास प्लास्टिकचे अस्तर घालावयाचे होते. शेतकऱ्याने आराखड्यावरील वरची बाजू ३० मीटर पाहिली, काठावरील चरात पुरण्यासाठी दोन्ही बाजूंस एकेक मीटर धरला आणि ३२ मीटर चौरस कागद जोडून आणविला. कागद अंथरला, तेव्हा तो जवळजवळ अडीच मीटर कमी पडला. नवा पट्टा आणून जोडीपर्यंत मृगाचा पाऊस आला. चिखलात जोड नीट बसेना आणि तळ्यात साठलेले पाणी त्या सांध्यातून झिरपून गेले. पुढे हिवाळ्यात डाळिंबाच्या बागेस त्या पाण्याची गरज होती, तेव्हा तळे कोरडे होते.

ह्यात आराखडा चुकलेला नव्हता आणि शेतकऱ्याचा हिशेबही बेरजेत चुकलेला नव्हता. चूक झाली ती आराखडा वाचण्यात. आज शेततळे, गोठा, कांदाचाळ, बायोगॅस संयंत्र, पेरणीयंत्राचा सुटा भाग, ह्यांपैकी काहीही करावयाचे झाले तरी प्रथम कागद हाती येतो. तो कागद वाचता येणे हे नांगराची खोली जुळविता येण्याइतकेच आवश्यक झाले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही विद्या स्वतः शिकून घ्यावी आणि शेतकरी बंधूंस समजावून द्यावी, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

चित्र आणि आराखडा

चित्रकार गोठ्याचे चित्र काढतो, तेव्हा जवळचा खांब मोठा व दूरचा खांब लहान काढतो. डोळ्यांस तसेच दिसते. परंतु अशा चित्रावरून सुतारास खांब कापता येणार नाही, कारण दोन्ही खांब प्रत्यक्षात सारख्याच लांबीचे आहेत. म्हणून आराखड्यात वस्तू ‘दिसते तशी’ न काढता तिची जणू सावली काढतात. सूर्याचे किरण एकमेकांस समांतर येतात असे मानण्यास हरकत नाही. अशा समांतर किरणांनी मागच्या सपाट फळीवर वस्तूची जी आकृती उमटेल, तिला प्रक्षेप म्हणतात. किरण फळीस काटकोनात पडत असतील तर तो लंबप्रक्षेप होय. ह्यात जवळचा व दूरचा खांब सारखाच उमटतो.

ह्याचा अनुभव घरच्या अंगणात घेता येतो. महाराष्ट्रात मे महिन्यात ठिकठिकाणी असा एक दिवस येतो, की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी एक मीटर लांबीची काठी जमिनीवर आडवी ठेवावी. तिची सावली पुरी एक मीटर पडते. काठी सरळ उभी धरली तर सावली काठीच्या बुडाशी मावते. आणि काठी तिरपी धरली तर सावली एक मीटरहून आखूड पडते.

शेततळ्याच्या चुकीचे मूळ ह्या तिसऱ्या प्रयोगात आहे. वरून पाहिलेल्या आकृतीत तळ्याच्या तिरप्या बाजू आखूड दिसतात. बाजूंचा उतार १ : १ आहे, म्हणजे १ मीटर खोलीस १ मीटर आडवे अंतर आहे, असे धरा. खोली ३ मीटर असल्यास वरून पाहता उतार ३ मीटर दिसेल. परंतु उतारावर टेप धरल्यास लांबी ४.२४ मीटर भरेल. तळ २४ मीटरचा. तेव्हा कागद २४ अधिक दोन वेळा ४.२४, म्हणजे सुमारे ३२.५ मीटर हवा. काठावरच्या चरांसाठी २ मीटर धरल्यास एकूण ३४.५ मीटर होतात. बिचाऱ्या शेतकऱ्याने सावली मोजली, काठी मोजली नाही.

एका वस्तूची अनेक दर्शने

एका प्रक्षेपाने वस्तू पुरी कळत नाही, म्हणून आराखड्यात निदान दोन व बहुधा तीन आकृत्या असतात. वरून पाहिलेली आकृती, जिला मिस्त्री प्लॅन म्हणतात, ती लांबी व रुंदी सांगते. समोरून पाहिलेली आकृती, म्हणजे एलिव्हेशन, लांबी व उंची सांगते. बाजूने पाहिलेली आकृती रुंदी व उंची सांगते. ह्याशिवाय वस्तू मधोमध कापली असता आत काय दिसेल ते दाखविणारी आकृती असते. तिला छेद किंवा सेक्शन म्हणतात.

शेततळ्याच्या प्लॅनमध्ये एकात एक असे दोन चौरस व कोपरे जोडणाऱ्या चार तिरप्या रेषा एवढेच दिसते. त्यावरून तळे खाली गेले आहे की ढिगारा वर आला आहे, हेही कळत नाही. खोली, उतार व बांधाची उंची ह्या गोष्टी छेदातच सापडतात. म्हणून प्लॅन पाहून काम सुरू करू नये; छेद शेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाचावे.

छेद न पाहिल्यास खोदाईच्या हिशेबातही मोठा फरक पडतो. ३० × ३० × ३ असा सरळ गुणाकार केला तर २,७०० घनमीटर येतात. खरा हिशेब असा करावा : वरचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, तळाचे क्षेत्र ५७६ चौरस मीटर आणि मधल्या पातळीवरील २७ मीटर चौरसाच्या क्षेत्राची, म्हणजे ७२९ ची, चौपट २,९१६. ह्या तिन्हींची बेरीज ४,३९२ होते. तिला खोलीने गुणून ६ ने भागावे. उत्तर २,१९६ घनमीटर. म्हणजे गुणाकारात ५०४ घनमीटर माती अशी आली, जी कोणी खोदलेलीच नाही. उतार १ : १.५ असल्यास हाच आकडा १,९७१ वर येतो. यंत्राचे भाडे घनमीटरवर ठरले असेल तर हा फरक कोणाच्या खिशातून जाईल, हे सांगावयास नको.

पहिला कोन व तिसरा कोन

आकृत्या कागदावर मांडण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या कोनाच्या रीतीत सावलीचाच नियम लागतो. उजेड वरून आला तर सावली खाली पडते, म्हणून वरून पाहिलेली आकृती समोरच्या आकृतीच्या खाली काढतात. उजेड डावीकडून आला तर सावली उजवीकडे पडते, म्हणून डावीकडून पाहिलेली आकृती उजवीकडे काढतात.

तिसऱ्या कोनाच्या रीतीत वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे व प्रत्येक बाजूने दिसणारी आकृती त्याच बाजूच्या काचेवर गिरविली आहे, असे मानतात. पेटी उलगडली की वरची आकृती वर, उजवीकडची उजवीकडे व डावीकडची डावीकडे राहते. अमेरिकेत ही रीत रूढ आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ साली काढलेल्या एस. पी. ४६ ह्या पुस्तिकेत पहिल्या कोनाची रीत स्वीकारली आहे. तथापि परदेशी बनावटीच्या यंत्रांबरोबर तिसऱ्या कोनाचे कागद गावात येतात व गोंधळ होतो.

हा गोंधळ लहान नव्हे. पेरणीयंत्राच्या चौकटीस बसणाऱ्या पट्टीचा एक कान डाव्या अंगास वळलेला आहे, असे समजा. लोहाराने रीत उलटी धरली तर कान उजव्या अंगास वळेल. माप अचूक, भोके अचूक, तरीही पट्टी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी तयार होईल व यंत्रास बसणार नाही.

रीत ओळखण्याची खूण आराखड्याच्या कोपऱ्यातील नावाच्या चौकटीत असते. तेथे टोक कापलेल्या शंकूच्या दोन आकृत्या काढतात. एक आडवी व एका टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि दुसरी एकात एक दोन वर्तुळांची. वर्तुळे शंकूच्या रुंद टोकाच्या बाजूस असतील तर पहिला कोन; निमुळत्या टोकाच्या बाजूस असतील तर तिसरा कोन. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी पुष्कळ लोखंड वाया जाण्याचे वाचेल.

रेषांची भाषा

आराखड्यातील प्रत्येक रेषेस ठरलेला अर्थ असतो. रेषा प्रामुख्याने दोन जाडींच्या असतात व जाड रेषा बारीक रेषेच्या निदान दुप्पट असते.

१. जाड अखंड रेषा : डोळ्यांस प्रत्यक्ष दिसणारी कडा.

२. तुटक रेषा : आड गेलेली, न दिसणारी कडा. उदाहरणार्थ, बांधाखालून गेलेला नळ. ही रेषा दिसताच ‘येथे आत काही आहे’ असे समजावे व खोदताना सांभाळावे.

३. बारीक साखळी रेषा, म्हणजे लांब तुकडा, आखूड तुकडा, पुन्हा लांब तुकडा : मध्यरेषा. चाक, नळ, भोक ह्यांचा मध्य हिच्यावर असतो. ही रेषा वस्तूवर नसते. आखणी मात्र हिच्यापासूनच करावी.

४. टोकांशी जाड केलेली साखळी रेषा, शेजारी बाण व ‘अ – अ’ अशी अक्षरे : वस्तू येथे कापून, बाणाच्या दिशेने पाहून छेद काढला आहे.

५. बारीक तिरप्या समांतर रेषा : छेदात कापला गेलेला घन भाग.

६. बारीक अखंड रेषा, टोकांशी बाण : माप. यंत्रभागांची मापे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात. आकड्यापूर्वी तिरपी काट दिलेले वर्तुळ असल्यास तो व्यास समजावा.

७. बारीक नागमोडी रेषा : लांब वस्तूचा मधला भाग गाळला आहे.

ही विद्या आली कोठून

ह्या रीतीस शास्त्राचे रूप गास्पार मोंझ ह्या फ्रेंच गणितज्ञाने दिले. त्याचा जन्म १७४६ चा. मेझिएर येथील लष्करी शाळेत किल्ल्यांच्या बांधणीचे प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोडीऐवजी रेषांनी सोडविले. ही पद्धत इतकी उपयोगी ठरली की ती बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ साली त्याने तीवर उघडपणे व्याख्याने दिली आणि पुढे ती पुस्तकरूपाने निघाली.

महाराष्ट्राच्या शेतीशीही ह्या विद्येचे नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखांकन शिकवीत असत. त्यांच्या कारखान्यातून १९०३ साली लोखंडी नांगर बाहेर पडला. आधी कागद व मग लोखंड, हा क्रम आपल्या शेतास असा जुनाच परिचित आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

आराखडा हाती येताच प्रथम नावाची चौकट वाचावी. प्रमाण, एकक व कोनाची खूण पाहावी. प्रमाण १ : १०० असल्यास कागदावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ मीटर होय, परंतु कागदावर पट्टी ठेवून माप घेऊ नये. छायाप्रत काढताना किंवा मोबाइलवर चित्र पाठविताना आकृती लहानमोठी होते. लिहिलेला आकडा तेवढा खरा मानावा. एकच कडा सर्व आकृत्यांत शोधून तिची मापे जुळतात की नाही ते पाहावे. तिरप्या बाजूची लांबी प्लॅनवरून कधीही घेऊ नये. जेथे शंका येईल तेथे आराखडा करणाऱ्यास विचारावे, कारण कागदावरची रेघ खोडता येते. खोदलेली माती व कापलेले पत्रे पूर्ववत होत नाहीत.

कार्यकर्त्यांनी गावातील सभेत एक आगपेटी व एक खडू घेऊन फळ्यावर तिची तिन्ही दर्शने काढून दाखवावीत. नंतर पेटी तिरपी धरून कोणती बाजू आखूड दिसते, ते शेतकऱ्यांकडूनच वदवून घ्यावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. आरंभी सांगितलेल्या गावी पुढच्या वर्षी दुसरे तळे झाले, तेव्हा त्याच शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या वतीने छेदाचा कागद मागून घेतला, उतारावर स्वतः टेप धरला आणि मगच कागदाचे माप सांगितले. ते अस्तर काठोकाठ बसले.