लकव्यानंतर नुसती मालिश पुरेशी नाही, ताकदीचा व्यायामही हवा

लकव्यातून जीव वाचला, अब्बा हॉस्पिटलमधून घरी आले, की पहिल्यांदा मालिशवाला शोधला जातो. तेल कुठलं यावरही घरात दोन मतं असतात. मालिशने बरं वाटतं, हे खरं. हात-पाय हलवून दिले तर सांधे आखडत नाहीत, हेही खरं. पण त्याने ताकद येत नाही.

कारण मूळ बिघाड स्नायूत नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो. वरून हुकूमच पोहोचत नाही, म्हणून स्नायू आवळत नाही. मग पडून राहून तो झिजायलाही लागतो. तुटलेला रस्ता मेंदू पुन्हा जोडू पाहतो तो पेशंटने स्वतः, वारंवार जोर लावल्यावर. दुसऱ्याने हात उचलून दिला तर मेहनत त्या दुसऱ्याच्याच स्नायूंची होते!

"जोर लावला तर हात-पाय आणखी कडक होतील" असं बरेच जण सांगतात. ही भीती उगीच आलेली नाही. लंडनच्या बर्टा बोबाथ यांच्या उपचारपद्धतीत हेच शिकवलं जायचं आणि जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी ते अनेक वर्षं मानलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लुईस अडा आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. व्यायामाने ताकद वाढते, रोजच्या हालचालीही थोड्या सुधारतात आणि कडकपणा वाढत नाही, असं त्यात दिसलं.

घरी करण्यासारखा सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भक्कम, भिंतीला टेकवलेली. कुणीतरी शेजारी उभं राहावं. सुरुवातीला उशी ठेवून बैठक उंच करा, जमू लागलं की काढा. भार दुबळ्या पायावरही पडला पाहिजे, नाहीतर सगळं काम चांगला पायच करतो. दहा-पंधरा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं वाटू लागलं की थोडं अवघड करायचं. सजद्यातून उठणं ही फार पुढची पायरी; तोवर नमाज खुर्चीवर.

श्वास रोखून जोर लावू नये, बीपी चढतो. लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा सरकतो. कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा, घाई नको: २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच जास्त उठवलेल्या पेशंटांची तब्येत उलट कमी सुधारली होती.