चर्चचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवताय? प्रार्थनेपासून पैशापर्यंत या गोष्टी सांभाळा

अहिल्यानगर : जिल्ह्यात श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर भागात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची दारं बंद झाली आणि त्या वर्षीचा गुड फ्रायडे, ईस्टर लोकांनी घरात मोबाइलपुढे बसून केला. नंतर चर्च उघडले, पण मोबाइल सुटला नाही. आज खेड्यातल्या लहान मंडळीचाही व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर सकाळी वचन येतं, रविवारी उपासनेचा व्हिडिओ येतो.

कामासाठी पुणे, चाकण, मुंबईला गेलेल्या पोरांना यामुळे गावच्या उपासनेत बसता येतं. आजारी म्हाताऱ्या माणसाला खाटेवर पडून प्रवचन ऐकता येतं. फायदा मोठा आहे. पण ग्रुप नीट चालवला नाही तर त्याच मोबाइलमुळे घरातली गोष्ट गावभर होते, पैसे जातात, कधी गावात तेढही होते.

नवं साधन, जुनी सवय

आपल्या भागाला हे नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरातूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. त्या काळी छापखाना हेच नवं साधन होतं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन धरलं, कारण लोकांच्या कानाला तेच ओळखीचं होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. साधन कोणतंही असो, लोकांना कळेल असं सांगायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

म्हणून इंग्रजीतले किंवा हिंदीतले तयार फोटो पुढे ढकलण्यापेक्षा पाळकांनी स्वतःच्या आवाजात मराठीत पाच मिनिटं बोललेलं जास्त ऐकलं जातं. त्याला डेटाही कमी लागतो. पाच मिनिटांची व्हॉइस नोट साधारण एक एमबीच्या आसपास जाते. तासाभराच्या मध्यम दर्जाच्या व्हिडिओला अर्धा जीबीच्या आसपास डेटा लागतो. जिथं रेंज कमी आणि रिचार्ज मोजून मारला जातो, तिथं व्हॉइस नोटच बरी.

प्रार्थना विनंती ग्रुपवर टाकू नका

सगळ्यात जास्त चूक इथं होते. एखादी बाई पाळकांना सांगते, "माझ्यासाठी प्रार्थना करा, गाठ निघाली आहे." पाळक किंवा कमिटीतलं कुणी ते चांगल्या मनाने नावासकट दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकतं. संध्याकाळपर्यंत ते सासरी, माहेरी आणि भावकीत पोचलेलं असतं. मुलीचं लग्न ठरत असेल तर अशा एका मेसेजने ते मोडूही शकतं. दारू, कर्ज, नवरा-बायकोचं भांडण यांचंही तसंच.

यावर उपाय सोपे आहेत :

- विनंती थेट पाळकांच्या नंबरवर घ्यावी. ग्रुपवर "एका बहिणीच्या आजारासाठी प्रार्थना करा" एवढंच लिहावं. नाव टाकायचंच असेल तर त्या माणसाला आधी विचारावं.
- व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. तिच्यात २५६ जणांपर्यंत मेसेज जातो, पण प्रत्येकाला तो एकट्याला आल्यासारखा दिसतो. उत्तरही फक्त पाठवणाऱ्याला येतं. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच हा मेसेज पोचतो.
- दवाखान्यातल्या खाटेवरचे फोटो, संडे स्कूलच्या मुलांचे नावासकट फोटो टाकू नयेत. मुलांच्या फोटोसाठी आई-वडिलांना विचारावं.

ग्रुपला शिस्त कशी लावायची?

ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' हा पर्याय असतो. तो चालू केला की रात्री-अपरात्रीचे फॉरवर्ड, राजकारण आणि जाहिराती बंद होतात. ॲडमिन एकच ठेवू नये, दोन-तीन असावेत. ॲडमिनला कुणाचाही चुकीचा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवरून काढता येतो.

दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे सांगितलं आहे. पण दोघांचं संगनमत असेल तर ॲडमिनही सुटत नाही. म्हणून वाईट मेसेज दिसताच काढून टाकावा.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जाणूनबुजून दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. तासाभराच्या प्रवचनातलं दहा सेकंदांचं वाक्य कापून कुणी फिरवलं तर मागचं-पुढचं कुणी ऐकत नाही. म्हणून दुसऱ्यांच्या देवाधर्मावर, सणावर बोलूच नये. पूर्ण व्हिडिओ आपल्याजवळ जपून ठेवावा.

'प्रार्थनेने आजार गेला' अशा व्हिडिओंचंही तसंच. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. साक्ष देणाऱ्याने देवाचे आभार जरूर मानावेत, पण गोळ्या-औषधं बंद करा असं कुणालाही सांगू नये. टीबी किंवा शुगरची औषधं मध्येच सोडली तर जिवावर बेतू शकतं.

अर्पण आणि क्यूआर कोड

अर्पणासाठी क्यूआर कोड टाकायचा तर तो चर्चच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचा असावा, कुणा एकाच्या नावाचा नको. महिन्याचा जमाखर्च मंडळीपुढे वाचावा. परदेशातून मदत घ्यायची असेल तर संस्थेला एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. फेसबुकवर ओळख झालेला कुणी परदेशी 'ब्रदर' मदत पाठवतो म्हणून आधी कस्टमचे पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजा.

पाळकांचा फोटो लावून दुसऱ्या नंबरवरून "तातडीने पैसे हवेत" असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

नाताळच्या लाइव्हची तयारी आधी करा

यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. शिवाय लाइव्ह पहिल्यांदा सुरू होण्यास २४ तास लागू शकतात. म्हणून २४ डिसेंबरच्या रात्री धावपळ नको. सिनेमाच्या चालीवरची किंवा कॅसेट कंपनीची गाणी लावली तर व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो. टिळक १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या पदांचे शब्द आता सर्वांना खुले आहेत. पण दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग खुलं नसतं. आपल्याच मंडळीच्या पेटी-तबल्यावर म्हणावं.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशांची यादी प्रत्येक मंडळीने करावी. त्यात म्हातारी माणसं आणि घरात एकच फोन असलेल्या बायका जास्त निघतील. प्रार्थनेची वेळ बदलली, कुणी वारलं, शिबिर ठरलं, तर त्या घरी तरुण संघातल्या एकाने जाऊन सांगावं.