उपग्रहाला गल्ली ठाऊक नसते

बेलापूरच्या खाडीत जुलैमध्ये मोटार पडली, त्या बातमीवर कळवळण्यापेक्षा हसणंच जास्त झालं. जायचं होतं उलव्याला, म्हणजे पुलावरून. नकाशा बघत गाडी शिरली पुलाखालच्या रस्त्याला आणि जेट्टी संपली तिथे थेट पाण्यात. सागरी पोलीस जवळ होते म्हणून गाडी चालवणाऱ्या बाई वाचल्या. हसणाऱ्यांतलेच काही जण आता दिवाळीच्या सुट्टीत झुरिक नाहीतर रोमच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतील, काचेपाशी फोन अडकवतील आणि तशाच एका आवाजाच्या भरवशावर निघतील. बेलापुरात निदान खाडी कुठल्या अंगाला आहे, याचा आपल्याला अंदाज असतो. परदेशात तो नसतो आणि नेमके तिथेच आपण यंत्रावर सर्वाधिक विसंबतो.

मुळात उपग्रह रस्ता दाखवतच नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची जागा आणि स्वतःच्या घड्याळातली वेळ सांगत राहतात, बस्स. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, हे ताडून फोन स्वतःचा ठावठिकाणा काढतो. त्यासाठी तो फक्त ऐकतो. म्हणून रोमिंग बंद असलं तरी निळा ठिपका सरकत राहतो; नकाशा मात्र निघण्यापूर्वी हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्यावा लागतो. मे २०००मध्ये अमेरिकेने मुलकी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि ठिपका एकदम नेमका झाला. आता जोडीला युरोपचे गॅलिलिओ उपग्रहही आहेत. तेव्हा मोकळ्या आभाळाखाली ठिपक्यावर शंका घेण्याचं फारसं कारण नाही.

शंका घ्यायची ती ठिपक्याखालच्या रेघेवर. ती माणसांनी गोळा केलेल्या माहितीवरून आखलेली असते. संगणकाच्या लेखी प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ आणि तिच्यावर लिहिलेली मिनिटं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीचे वंशज आजही किराणा दुकानदाराने यादीची बेरीज करावी तशी मिनिटांची बेरीज करतात आणि सर्वांत कमी आकडा येईल तो मार्ग पुढे ठेवतात. रस्ता अरुंद आहे का, खडीचा आहे का, पलीकडे दरी आहे का, हे त्या आकड्यात कुणी घातलं असेल तरच कळणार.

डिसेंबर २०१२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी अ‍ॅपलच्या नकाशाबद्दल जाहीर इशारा दिला होता. मिल्डुरा हे चांगलं नांदतं शहर त्या नकाशात सुमारे ७० किलोमीटर दूर, एका ओसाड राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दिसत होतं. तिथे पाणी नाही आणि पारा ४६ अंशांपर्यंत जातो. अडकलेल्या पर्यटकांना पोलिसांनी सोडवून आणलं. २०१६च्या फेब्रुवारीत एक अमेरिकन पर्यटक आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावरून रेकयाविकमधल्या हॉटेलकडे निघाला. अंतर तासाभराचंही नाही. पत्त्यात एक अक्षर जास्त पडलं होतं. यंत्राने त्या नावाचा रस्ता देशाच्या उत्तर टोकाला शोधून दिला आणि गडी बर्फातून कित्येक तास गाडी हाकत तिथे पोचला. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं. ‘हॉटेल इतकं लांब कसं?’ हा प्रश्न विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

इथवरच्या गोष्टी ऐकायला मजेशीर आहेत. पर्यटकाच्या खिशाला चाट बसते ती कायद्याच्या बाबतीत. इटलीत फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, रोम अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे भाग आहेत. परवाना नसलेली गाडी आत शिरली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. पुन्हा शिरलात तर पुन्हा दंड. फाटकावरच्या पाटीवर ‘वार्को आत्तिवो’ दिसलं तर आपल्यासाठी रस्ता बंद. नेव्हिगेशनला हे कधी माहीत असतं, कधी नसतं. वेळा शहरागणिक निराळ्या. आधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कार्डावरून कापते आणि मूळ दंडाचं पत्र मागाहून येतं. परदेशी पत्त्यावर नोटीस धाडायला इटलीत ३६० दिवसांची मुदत आहे.

यंत्र स्वतःच गुन्हा ठरतं असेही देश आहेत. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांची नेमकी जागा सांगणारी सोय फ्रान्सने २०१२पासून बंद केली. तिथे फक्त ‘धोक्याचा टापू’ एवढंच सांगता येतं. जर्मनीत चालकाने ती वापरली तर ७५ युरो दंड. स्वित्झर्लंडमध्ये तसं उपकरण बाळगलं तरी ते जप्त होतं. कुठे बंदी यंत्रावर नसून गाडीवर असते: आइसलँडमध्ये नावात ‘एफ’ असलेल्या डोंगरी रस्त्यांवर फोर-बाय-फोरशिवाय जायला मनाई आहे. तुम्ही भाड्याने छोटी हॅचबॅक घेतली आहे, हे फोनला कोण सांगणार?

या सगळ्यात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूशास्त्रज्ञ ह्यूगो स्पायर्स यांचं काम. २०१७मध्ये त्यांच्या गटाने २४ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून सोहो भागातल्या गल्ल्यांतून चित्ररूपाने फिरवलं. स्वतः वाट शोधताना नवी गल्ली लागली, की मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागांची आठवण ठेवणारा भाग, खडबडून जागा व्हायचा. फाटे जितके जास्त, तितकी त्याची धावपळ जास्त. यंत्राच्या सूचनेवर चालताना मात्र अशी हालचाल दिसलीच नाही. पुढे एका मोबाइल खेळातून ३८ देशांतल्या सुमारे ४ लाख लोकांची माहिती तपासली गेली. २०२२मध्ये निष्कर्ष आला, की काटकोनी, चौकटीच्या रस्त्यांच्या शहरांत वाढलेले लोक वाट शोधण्यात कच्चे असतात आणि शहराबाहेर वाढलेले तरबेज. वाकड्यातिकड्या पेठांत आणि वाड्यांच्या बोळांत वाढलेल्या पुणेकराला यात थोडी आशा दिसायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, सुट्टीत मेंदूला विश्रांती हवीच की! बरोबर आहे, पण गाडी चालवणाऱ्याला नको. युरोपात बहुतेक देशांत रस्त्याची बाजू उलटी, गिअर उजव्या हाताला, राउंडअबाउटला उलट वळसा आणि त्यात कानाशी ‘तिसरा एक्झिट’. इतक्या गोंधळात पाटी वाचायला डोळे मोकळे राहत नाहीत. म्हणून यंत्र फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. नवख्या महामार्गावर त्याच्याइतका शांत सोबती दुसरा नाही. फक्त त्याचा हुकूम कुठवर मानायचा, हे आपण ठरवावं. आदल्या रात्री पूर्ण मार्ग एकदा डोळ्यांखालून घालावा, एकूण अंतर आणि मधली दोन-चार गावं लक्षात ठेवावीत. आपल्या सहलीत शेजारच्या सीटवरचा माणूस एरवी रील काढण्यात गुंतलेला असतो. त्याला पाट्या वाचायच्या कामाला लावावं. जुन्या शहराच्या वेशीवर मात्र आवाज बंद करून गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावावी आणि पुढे पायी जावं. हॉटेल आतच असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर नोंदवून घेता येतो का, ते विचारावं. एवढी विचारपूस आपण घरून निघताना नातेवाइकांच्या पत्त्यासाठीही करतो.