सालबर्डी येथील माडूकाठचे शालेय शिबिर

मोर्शी तालुक्यातील पुष्कळ मुलांस नदीची ओळख असते ती पावसाळ्यात चार दिवस वाहून पुढे कोरड्या पडणाऱ्या नाल्याच्या रूपाने. खडक, वन, खोरे व प्रवाह ही सारी एकत्र दाखवावयाची असल्यास शिक्षकाने वर्ग घेऊन मोर्शीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सालबर्डीस जावे. बैतुल जिल्ह्याच्या डोंगरांतून निघालेली माडू नदी येथे सपाटीवर उतरते व पुढे वर्धेस मिळते. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे हे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे; पण यात्रेच्या गर्दीत देव दिसतो, नदी दिसत नाही. शिबिरास डिसेंबर-जानेवारीचे दिवस योग्य होत. वनखात्याची परवानगी व पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, हे सांगावयास नकोच.

राहुट्या कोठे ठोकाव्या, हा शिबिरातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. पात्रालगतची वाळू मऊ, सपाट व मोहक असते. मुले तेथेच धाव घेतात, आणि पुष्कळदा मोठी माणसेही. परंतु ती वाळू तेथे पुरानेच आणून टाकलेली असते. उभ्या चढांच्या, कठीण खडकाच्या डोंगरांत पडलेले पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. ते थोड्या अवधीत नदीस येऊन मिळते. पाऊस वर बैतुलकडे पडतो आणि खाली सालबर्डीस आकाश निरभ्र असते. विदर्भात हिवाळ्यातही अवेळी पाऊस येतो, हे शेतकऱ्याच्या मुलास निराळे शिकवावे लागत नाही. म्हणून तंबू ठोकण्यापूर्वी काठावरील झाडे पाहावी. खालच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत, काटक्या व चिंध्या या मागील पुराच्या खुणा होत. त्या खुणांहून पुरेशा वर, जुन्या वृक्षांच्या ओळीमागे मुक्काम करावा. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यावर पालापाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर भांडीकुंडी तशीच टाकून मुलांस प्रथम उंचावर न्यावे.

वर मुक्काम केल्याचा आणखी एक लाभ आहे. रात्री डोंगरउतारावरील हवा थंड होते, जड होते आणि पाण्याप्रमाणेच उतरून खोऱ्याच्या तळाशी साचते. सूर्योदयापूर्वी एक तापमापक नदीपाशी व दुसरा तंबूपाशी ठेवून मुलांकडून नोंद करवावी. शांत, निरभ्र रात्रीनंतर दोहोंतील फरक बहुधा त्यांच्या सहज ध्यानी येतो.

पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत झिरा खणण्याची रीत गावोगावी ठाऊक आहे. वाळूतून पाझरलेले पाणी निवळ दिसते, तथापि ते उकळूनच द्यावे. शौचाची जागा नदीपासून निदान १०० पावले दूर असावी. स्नानाकरिता उथळ जागा शिक्षकाने स्वतः उतरून पाहावी. डोहाची खोली वरून कळत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर पोहणाऱ्याचाही पाय घसरतो. डोहात एकही मूल उतरू देऊ नये. सागाचा वाळका पाला ठिणगीने पेटतो. तेव्हा चूल परवानगीच्या जागीच मांडावी आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी.

या परिसरातील खडक म्हणजे एक ग्रंथच आहे. अतिप्राचीन पट्टिताश्म, गोंडवन काळाचे वालुकाश्म, त्यांवरील लॅमेटा थर आणि शेवटी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक, एवढे सारे येथे थोड्या अंतरात आढळते. येथील लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या अंड्यांचे अवशेष सापडले आहेत. मुलांनी पाहावे, चित्र काढावे. दगड फोडू नये.

आता शिबिरातील मुख्य पाठ. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे. डोंगरातून उतरलेले पाणी त्यात मुरते आणि मोर्शी-वरुडच्या संत्राबागांच्या विहिरींना पोचते. गेल्या काही दशकांत हा उपसा भरपाईहून अधिक झाला, विहिरी खोल गेल्या, विंधनविहिरी वाढल्या. घरी ‘पाणी आटले’ हे शब्द मुले नित्य ऐकतात. ते पाणी येते कोठून आणि किती, हे मात्र त्यांनी कधी मोजलेले नसते. मोजणीचे साधन बागेतच आहे. संत्रे पाण्यावर तरंगते, पण बरेचसे बुडालेले राहते. त्यामुळे वारा त्यास फारसा ढकलीत नाही. काठावर १० मीटर अंतर आखून संत्रे सोडावे व वेळ मोजावी. समजा २० सेकंद लागले, तर वेग सेकंदास अर्धा मीटर. पात्राची रुंदी ४ मीटर व सरासरी खोली पाव मीटर असल्यास गुणाकार अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर येतो. तळाशी पाणी संथ असते, यास्तव त्यातील सुमारे १५ टक्के वजा करावे; सेकंदास ४२५ लिटर उरतात. सातवीच्या मुलास हे गणित अवघड नाही, आणि उत्तर कळताच तो वर्गाकडे न पाहता नदीकडे पाहू लागतो.

ही मोजणी दरवर्षी त्याच तारखेस, त्याच जागी व्हावी. जागा ओळखू यावी म्हणून जवळचा मोठा खडक, त्यापासूनची पावले व दिशा नोंदवहीत लिहून ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी नव्या शिक्षकास ती सापडेल.