म्हशीचं वजन अंदाजानं नको

तबेल्यात म्हशीचं वजन विचारलं की उत्तर तयार असतं. "पाचशेच्या खाली नाही, डॉक्टरबाई." गोरेगाव परिसरात आणि आरेच्या गोठ्यांत जनावरं तपासताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. सांगणाऱ्याच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. कासेवर हात फिरवून तो म्हैस कितव्या वेताची आहे ते सांगतो, शेणाकडे बघून पचन बिघडलंय का ते ओळखतो. वजनाच्या बाबतीत मात्र नजर दगा देते. गाभण म्हैस भारी वाटते, पोटभर पाणी प्यालेली त्याहून भारी वाटते आणि महिनाभरात चाळीस किलो उतरलेली म्हैस रोज बघणाऱ्याला तशीच दिसत राहते.

मला तो आकडा लागतो तो औषधासाठी. जंतावरचं फेनबेंडाझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचं असतं. म्हैस ४०० किलोची असेल तर २ ग्रॅम, ५५० किलोची असेल तर पावणेतीन ग्रॅम. मात्रा कमी पडली की कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. मग काही काळानं तेच औषध लागू पडेनासं होतं. गुंगीच्या औषधात चूक आणखी महाग पडते. झायलाझिनला गाई-म्हशी इतक्या संवेदनशील असतात की त्यांना घोड्याच्या साधारण दशांश मात्रा पुरते. तिथे अंदाजाला जागाच नाही.

मालकाच्या खिशाशीही वजनाचा थेट संबंध आहे. दुभत्या म्हशीला रोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो, म्हणजे ओल्या वैरणीतलं पाणी वगळून. ५५० किलोच्या म्हशीला तो जवळपास १४ ते १६ किलो होतो. वजनच चुकीचं धरलं की एक तर पेंड वाया जाते किंवा म्हैस स्वतःचं अंग जाळून दूध देते. पारडीही वयावर नाही, वजनावर भरवायची असते. तीनशे किलोच्या आसपास पोचण्याआधी घाई केली तर वाढही खुंटते आणि विण्याच्या वेळी अडचण होते.

आरेची खास गरज

शहरातले तबेले बाहेर हलवावेत आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावं, म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी हे काम उभं केलं. पुढे १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टरांवर ३२ गोठे आणि त्यांत मिळून सोळा हजारांच्या घरात जनावरं, अशी वसाहतीची ओळख झाली. सरासरी काढली तर एका गोठ्यात, म्हणजे एका युनिटमध्ये, पाचशे म्हशी.

शहरातल्या दुधाच्या धंद्याची रीत अशी की म्हैस व्यालेलीच विकत आणायची, वेतभर दूध काढायचं आणि आटली की बाहेर पाठवायची. अशा गोठ्यात म्हैस थोडेच महिने राहते. ती आली तेव्हा कशी होती, हे सहसा कुणाकडे लिहिलेलं नसतं. विण्यानंतर दुधाच्या भरात वजन थोडं उतरणारच. किती उतरलं आणि कधी थांबलं, हे कळायला मात्र काटाच लागतो. ही माहिती हाताशी असती तर कितीतरी म्हशी वेळेवर पुन्हा गाभण राहिल्या असत्या आणि भाकड म्हणून गाडीत चढल्या नसत्या, असं मला मनापासून वाटतं.

आधी टेप, मग काटा

दोन-चार जनावरं असतील तर सुरुवात शिंप्याच्या टेपनं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं इंचांत. घेराचा वर्ग करा, त्याला लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. उत्तर किलोत येतं. घेर ७८ इंच आणि लांबी ५८ इंच असेल तर म्हैस साधारण ५३५ किलोची. शेफरचं सूत्र ते हेच.

त्याची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. टेप सैल धरली आणि घेर ७८ ऐवजी ८० आला, तर उत्तर ५६२ होतं. दोन इंचांत सत्तावीस किलो वाढले. औषधाची मात्रा ठरवायला टेप नजरेपेक्षा कितीतरी बरी. म्हैस या महिन्यात दहा किलो उतरली का, हे मात्र ती सांगू शकत नाही. गोठा मोठा असेल तर काटा घ्यावाच.

काटा निवडताना

दुकानात पहिली नजर जाते ती चमकणाऱ्या आकड्यांकडे. माझा सल्ला असा की सुरुवात म्हशीच्या पायांपासून करा. ती ज्यावर शांत उभी राहील तोच काटा चांगला.

प्लॅटफॉर्म सात-आठ फूट लांब हवा, म्हणजे चारही खूर सहज मावतात. उंची जितकी कमी तितकी म्हैस कमी बिचकते. चढायला उतार हवा, वर जाड रबरी मॅट हवी. ओल्या पत्र्यावर खूर घसरला आणि पत्रा खडखडला, तर ती म्हैस पुन्हा त्यावर पाय ठेवायला तयार होत नाही. रुंदी ठरवताना तुमच्या गोठ्यातली जात बघा. मुऱ्ह्याची शिंगं आखूड आणि घट्ट वळलेली असतात, जाफराबादीची मानेच्या दोन्ही बाजूंना लोंबतात. सोलापूर-कोल्हापूरकडची पंढरपुरी असेल तर तिची लांबलचक शिंगं अरुंद खोड्यात अडकणारच.

बाजूचे कठडे प्लॅटफॉर्मवरच बसवलेले असावेत. ते जमिनीत रोवलेले असतील आणि म्हैस त्यांना टेकली, तर तिचा काही भार जमिनीवर जातो आणि काटा कमी वजन दाखवतो. पुढचा माणूस दावं वर ताणून धरत असेल तरी हेच होतं.

प्लॅटफॉर्मखाली चार कोपऱ्यांना चार लोडसेल असतात. भार पडला की आतला धातू अगदी किंचित दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युत रोध बदलतो आणि यंत्र त्या बदलाचे किलो करतं. म्हैस दणकन चढली की क्षणभर भार तिच्या वजनापेक्षा बराच जास्त होतो. शिवाय प्लॅटफॉर्म आणि कठड्यांचं वजनही सेलवरच असतं. म्हणून सहाशे किलोच्या जनावरासाठी दीड टनाचा काटा घेतला तर जास्त होत नाही.

अचूकता किती हवी? एक किलोचा टप्पा पुरे. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यासाठी जादा पैसे मोजू नका. म्हैस एका दमात वीस-तीस लिटर पाणी पिते, म्हणजे तितकेच किलो वाढतात. त्यापुढे शंभर ग्रॅमला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा हलत्या जनावराची सरासरी काढून आकडा धरून ठेवणारी सोय मागा. पाय हलवणाऱ्या म्हशीसाठी ती खरी उपयोगाची.

आता गोरेगावचा पाऊस. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं आणि गोठ्यात शेण-मूत बारा महिने. साध्या लोखंडी सेलला लवकर गंज चढतो. स्टेनलेस स्टीलचे, वेल्डिंगनं पूर्ण बंद केलेले सेल घ्या. पाण्यात बुडूनही टिकण्याचं आयपी ६७ किंवा ६८ मानांकन विचारा. उंदरांपासून वाचवण्यासाठी केबल पाइपातून न्या. खड्ड्यात बसवलेला काटा इथे नको, तो पहिल्याच पावसात पाण्याखाली जाईल. काँक्रीटच्या सपाट ओट्यावर, छपराखाली बसवा आणि खालून शेण काढता येईल इतकी जागा ठेवा. प्लॅटफॉर्मखाली शेण सुकून घट्ट झालं की ते भार उचलून धरतं आणि काटा खोटं बोलू लागतो.

मुद्रांकन आणि घरची परीक्षा

उसाच्या काटामारीवरून आपल्याकडे आंदोलनं होतात. जनावरांच्या बाजारात मात्र अजूनही डोळ्यांनी तोलून सौदे होतात आणि नुकसान बहुधा विकणाऱ्याचं होतं. वजनावर खरेदी-विक्री करायची असेल तर वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू होतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. काटा फक्त स्वतःच्या गोठ्यासाठी असला तरी मान्यताप्राप्त मॉडेलच घ्या, कारण म्हैस विकायची वेळ कधी येईल हे सांगता येत नाही. विकणाऱ्याला आणखी एक गोष्ट विचारा. भर पावसात काटा बंद पडला तर दुरुस्तीला माणूस कुठून आणि किती दिवसांत येईल?

पैसे देण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. एकाच माणसाला प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी आळीपाळीनं उभं करा. पाचही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे. नंतर दर महिन्याला हीच परीक्षा पुन्हा घ्या.

वजन घेण्याची शिस्त

काटा कितीही चांगला असला तरी वजन घेण्याची वेळ रोज वेगळी असेल तर आकडे निरुपयोगी ठरतात. सकाळची धार काढून झाल्यावर, चारा-पाण्याआधी वजन घ्या. धारेआधी घेतलं तर कासेतलं पाच-सहा किलो दूधही त्यात येतं. दोन म्हशींच्या मध्ये प्लॅटफॉर्म धुऊन आकडा शून्यावर आणा. पहिले काही दिवस वजन न घेता म्हशींना नुसतं काट्यावरून चालवा, पलीकडे थोडी आंबोण ठेवा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, वेत आणि वजन वहीत लिहा. एका आकड्यानं फारसं कळत नाही. तीन-चार महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले की आजारी म्हैस मला बोलावण्याआधीच तुमच्या लक्षात येते.

एकट्यादुकट्या मालकाला मोठा काटा परवडत नाही, हे मी जाणते. पण आरेसारख्या ठिकाणी एका युनिटमध्ये अनेक मालकांच्या म्हशी एकाच आवारात बांधलेल्या असतात. सर्वांनी वर्गणी काढून एक काटा बसवला आणि वार ठरवून घेतले, तर रोज पंचवीस म्हशी या हिशोबानं पाचशे म्हशी वीस दिवसांत तोलून होतात. दूध मोजताना आपण पाव लिटरचाही हिशोब ठेवतो. ते दूध देणाऱ्या जिवाचा हिशोब ठेवायला युनिटभर मिळून एक काटा पुरतो.

तोवर रेडकांपासून सुरुवात करा. जन्मलेलं रेडकू तीस किलोच्या आसपास असतं. त्याला लहान काटा चालतो आणि वजनाच्या दशांश दूध हा त्याच्या रोजच्या आहाराचा साधा हिशोब आहे. तबेल्यात सगळ्यात जास्त हेळसांड रेडकांचीच होते. दर आठवड्याला त्यांचं वजन लिहिलं, तर कुणाच्या तोंडचं दूध तोडलं जातंय हे वहीत उघड दिसेल आणि ते थांबवणं मालकाच्या हातात असेल.