शारीर विनोद : मूकपटातील देह आणि रेखाटलेला देह

विनोदाचा अभ्यास आपण बहुधा शब्दांपासून सुरू करतो. कोटी, श्लेष, उपहास, विडंबन ही सारी शब्दाश्रयी साधने होत. मूकपटातील नटाजवळ मात्र उच्चारलेला शब्दच नव्हता. होते ते केवळ शरीर. पडणे, आपटणे, घसरणे, धडकणे यांतून साकारणाऱ्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हे नाव इटालियन लोकनाट्यातील एका साधनावरून आले. दोन पातळ फळ्या एका मुठीत बसवलेली ही काठी अंगावर मारली की आवाज मोठा होई, इजा मात्र फारशी होत नसे.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या फजितीला हसणे हा निर्दयपणा नव्हे काय?

ल्युमिएर बंधूंचा १८९५ मधील एक चित्रपट पाहा. तो एका मिनिटाहूनही लहान आहे. माळी रबरी नळीने बागेला पाणी घालत असतो. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. पुढे माळी त्याला पकडून चोप देतो. माळ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, आणि पाण्याने भिजण्यापलीकडे त्याचे काही बिघडणार नाही, याचीही आपल्याला खात्री आहे. या दोन गोष्टींवरच येथील हास्य उभे आहे.

ही खात्री कोठवर ताणता येते, हे बस्टर कीटनने दाखवले. लहानपणी आईवडिलांच्या रंगमंचीय खेळात वडील त्याला अक्षरशः उचलून फेकत असत. आपण चेहरा निर्विकार ठेवला की लोक अधिक हसतात, हे त्याने तेव्हाच हेरले. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) या चित्रपटात वादळाने एका दुमजली घराची दर्शनी भिंत कोसळते. कीटन नेमका अशा जागी उभा असतो की, वरच्या मजल्याची उघडी खिडकी त्याच्या अंगावरून पार होते आणि तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत खरोखरच जड होती आणि ती खरोखरच पाडली होती. मोजमापात थोडी चूक होती तर नट प्राणास मुकला असता. हा प्रसंग कॅमेऱ्याने दुरून, एकसंध टिपला आहे. तुकडे जोडून तो दाखवला असता तर आपल्याला शंका आली असती आणि शंकेबरोबर हसूही विरले असते. तो वाचला म्हणून आपण हसतो. या हास्यात क्रौर्याहून सुटकेचा भाग मोठा आहे.

चार्ली चॅप्लिनचा मार्ग मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक परिचित वाटेल. ‘द गोल्ड रश’ (१९२५) मध्ये बर्फात अडकलेला, भुकेलेला नायक आपला बूट शिजवून खातो. नाडी तो शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. बूट हे उपमेय, मांसाचे ताट हे उपमान. हे दृश्य रूपकच नव्हे काय? मात्र बूट शेवटपर्यंत बूटच राहतो आणि भूकही खरीच राहते. प्रसंग हास्यास्पद असूनही करुणेचा स्पर्श सुटत नाही तो यामुळे.

आता रेखाटलेल्या देहाकडे वळू. १९१९ मध्ये पडद्यावर आलेल्या फेलिक्स या मांजराला वजन नाही, हाडे नाहीत. त्याची शेपटी सुटी होऊन हवे ते अवजार बनते. त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटले तर ते काढून तो आकड्यासारखे वापरतो. एक आकार, दोन अर्थ! शब्दांशिवाय घडलेला हा श्लेषच म्हणावा लागेल. चॅप्लिनचा बूट मांस बनत नाही. फेलिक्सची शेपटी मात्र खरोखर बदलते. तेथे भीतीला जागा नाही, म्हणून सुटकेलाही नाही. जे हसू येते ते आश्चर्याचे.

यामुळे क्रौर्याचा प्रश्न मिटला, असे मात्र समजू नये. कीटनच्या चित्रपटानंतर त्याच वर्षी, त्याच्या नावाशी खेळणारे शीर्षक घेऊन, वॉल्ट डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ हा ध्वनियुक्त कार्टूनपट आला. त्यात मिकी माऊस मांजराला शेपटीने गरगर फिरवतो, गायीचे दात वाद्यासारखे बडवतो. यातील कोणालाच वेदना होणे शक्य नाही. तरीही आजच्या प्रेक्षकाला हे प्रसंग काहीसे खटकतात. खऱ्या भिंतीखाली उभा असलेला कीटन स्वतःचा जीव स्वतः पणाला लावत होता. येथे दुर्बळाचे शरीर दुसऱ्याच्या हातातील खेळणे झाले आहे. शारीर विनोदाचे परीक्षण करताना इजा किती झाली याहून तुम्ही हे अधिक बारकाईने पाहा की, तो देह कोणाच्या ताब्यात आहे आणि हसणाऱ्याला कोणाच्या बाजूला उभे केले आहे.