दारा-खिडक्यांवरचे शिसे

नखाने ओरखडा उठावा इतके मऊ, 327 अंशांवर वितळणारे आणि ओतावे त्या आकारात बसणारे शिसे माणसाला फार सोयीचे वाटले. आमचा व्यवसाय तर त्यावरच पोसला. वर्तमानपत्रांच्या छपाईचे खिळे दीर्घकाळ त्याचेच होते. मोटारीच्या बॅटरीला ते आजही लागते.

परंतु हाच धातू शरीरात शिरला की कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत ठाण मांडतो आणि बालकांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करतो. 2000 साली पेट्रोलमधून त्याची हकालपट्टी झाली. पुढील तपासण्यांत मुंबईच्या मुलांच्या रक्तातील शिसे घटलेले आढळले.

घरातले शिसे मात्र हटलेले नाही. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत 90 हून अधिक शिसे असण्यास बंदी आली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. घाटकोपर-मुलुंडच्या काय किंवा अंधेरी-बोरिवलीच्या काय, जुन्या इमारतींच्या दारा-खिडक्यांवर त्याआधीच्या तैलरंगांचे थर असू शकतात. दिवाळीच्या तोंडावर ते कोरडेच घासले जातात. धूळ फरशीवर बसते. तेथेच मूल रांगते आणि बोटे तोंडात घालते. दिवसभर तीच धूळ हुंगणाऱ्या रंगाऱ्याची चौकशी तर कोणी करीतच नाही!

गृहनिर्माण संस्थांनी रंगकामाच्या करारातच पाणी मारून घासण्याची व ओल्या फडक्याने पुसण्याची अट घालावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. काम संपेपर्यंत मुलांना व गर्भवती स्त्रियांना तेथे राहू देऊ नये. पुनर्विकासासाठी जुन्या इमारती पाडतानाही महापालिकेने हीच दक्षता सक्तीची करावी.